रिवूच्या मागे लागलेली बदकं

पोटाशी अंडी बांधून चिखलातून पळणारी मुलगी काही फार देखणी दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या सकाळी दिसण्याची पर्वा कुणाला होती? पहाटे भटक्या कुत्र्यांनी आमची बदकीण मारली होती. अंड्यांवर बसलेली होती बिचारी, शेवटपर्यंत उठली नाही. तिच्याखालची अंडी अजून कोमट होती. मी ती शालीत गुंडाळली, शाल कमरेला आवळली आणि भातखाचरांच्या बांधावरून पाटापलीकडच्या म्हाताऱ्या बेबे राझाफींच्या घराकडे धूम ठोकली. खुडूक कोंबडी अख्ख्या गावात तेवढी त्यांच्याकडेच होती.

बारीक पाऊस पडत होता. इतासी तळ्यावरून धुकं सरकत येत होतं. आणि समोरून, नेमका त्याच बांधावरून, एक उंच मुलगा येत होता. खांद्याला लाकडी फळ्या, ओठांत शीळ. आमचे बांध जेमतेम एका माणसाच्या पायापुरते. दोघं समोरासमोर आले की एकाला चिखलात उतरावंच लागतं.

"सरक," मी म्हटलं.

"कुठे सरकू? इकडे तुमचं भात, तिकडे आमचं." त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. नजर पोटाशी थांबली. "आणि… तुला या अवस्थेत पळायला कुणी सांगितलं?"

"अंडी आहेत ती!"

"हो का? मला वाटलं जुळी."

मी चिडून पाय टाकला आणि घसरले. पडले नाही, पण शालीच्या कोपऱ्यातून एक अंडं सटकलं. त्याने फळ्या टाकल्या, अंडं हवेतच झेललं आणि हसत हसत माझ्या तळहातावर ठेवलं. त्याची बोटं गार होती, अंडं गरम.

मग दोघांचेही डोळे त्या अंड्यावर खिळले. कारण काय घडलं ते दोघांनाही कळलं.

आमच्याकडे अंडं हातातून हातात देत नाहीत. देणाऱ्याने जमिनीवर ठेवायचं, घेणाऱ्याने उचलायचं. ती फादी आहे, पूर्वजांनी घालून दिलेली मनाई. मोडली की त्या दोघांचं भांडण ठरलेलं. पाळण्यातल्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"हे काय केलंस?" मी किंचाळले.

"पकडलं. अशा वेळी आभार मानतात."

"जमिनीवर ठेवायचं ना आधी!"

"कुठाय जमीन? सगळीकडे पाणी! पोहायला सोडू अंड्याला?" तो बोलला खरा, पण चेहरा उतरला होता. "आता… आपलं भांडण होणार?"

"होणार काय, सुरूच आहे की!"

यावर तो इतका मोकळा हसला की मलाही हसू आवरेना. मग तोच गुडघाभर चिखलात उतरला आणि मला वाट करून दिली. पुढे गेल्यावर मी वळून पाहिलं. तोही वळून पाहत होता. लगेच फळ्या गोळा करायचं नाटक करायला लागला, लबाड.

तो रिवू. बेबेंचा नातू. शहरातून नुकताच आजीजवळ राहायला आलेला. काबुसी बनवायचा, छोट्या चार तारांच्या गिटारी असतात ना, त्या. पाटाच्या पलीकडून दिवसभर त्याची टणटण ऐकू यायची. तोपर्यंत मी कानांवर हात ठेवायचे.

बेबेंनी अंडी कानाशी हलवून पाहिली आणि कोंबडीखाली सारली. "रीत ठाऊक आहे ना, पोरी? कोंबडी माझी, अंडी तुझी. निघतील ती पिल्लं निम्मी-निम्मी."

"कबूल, बेबे."

"आणि ऐक. हिची स्वतःची अंडी आधीपासून खाली आहेत. तिची पिल्लं आधी निघतील, ती त्यांना घेऊन चालती होईल. तुझी अंडी मागे राहतील. मग काय करशील?"

"बघू तेव्हाचं तेव्हा."

माझ्या आईने हे ऐकलं असतं तर कपाळावर हात मारला असता. 'बघू तेव्हाचं तेव्हा' हाच माझा रोग, असं ती म्हणायची. खोटं नव्हतं ते. रेशमाचे किडे पाळले, ते मुंग्यांनी नेले. स्ट्रॉबेरी लावली, ती मीच खाल्ली. म्हणून आईने राजधानीतल्या लालाओ मावशीला शब्द देऊन टाकला होता: नाताळाच्या आधी येऊन हिला घेऊन जा, तुझ्या दुकानात गल्ल्यावर बसव. मी रडले, पाय आपटले. शेवटी आई एवढंच म्हणाली, "मावशी येईल त्या दिवशी या खुराड्यात बदकं नांदताना दिसली तर राहा. नाहीतर मुकाट्याने गाडीत बस."

मला जायचं नव्हतं. तळं सोडून, हा लाल चिखल सोडून गल्ल्यामागे बसायचं? माझा जीव गुदमरला असता. आणि माझ्या हाती होतं काय, तर ती मूठभर अंडी. तीही दुसऱ्याच्या कोंबडीखाली.

फादीचं ऐकून आई म्हणाली, "झालं! त्या पोरापासून लांबच राहा."

मी रोज जायला लागले. अंडी बघायला. अंडीच, दुसरं काही नाही!

बेबेंच्या धान्याच्या खोलीत भरदुपारीही अंधार असायचा. रिवू मोबाइलचा उजेड अंड्यामागे धरायचा. आत लाल शिरांचं जाळं, आणि मध्ये एक काळा ठिपका हलताना दिसायचा. बघायला दोघांनाही वाकावं लागायचं. त्याच्या शर्टाला लाकडाच्या भुश्याचा वास यायचा…

"हलला बघ!"

"तूच हललास. नीट धर."

"तू इतक्या जवळ आलीस की हात थरथरतो. माझा काय दोष?"

"मग अंडं दे इकडे."

त्यावर तो अंडं अगदी अदबीने जमिनीवर ठेवायचा, दोन पावलं मागे सरायचा आणि कमरेत वाकून म्हणायचा, "ठेवलं हं, राणीसाहेब. उचलावं." मी तोंड फिरवून उचलायचे. हसू दिसू नये म्हणून.

मग कोंबडीची पिल्लं निघाली आणि बेबेंनी सांगितलं होतं तसंच झालं. बाईसाहेब आपला पिवळा गोतावळा घेऊन अंगणात चालत्या झाल्या. मला कळलं तेव्हा मी आईबरोबर आठवडी बाजारात होते. भाजीची टोपली तिथेच टाकून पळाले. अख्ख्या वाटेत एकच विचार, संपलं सगळं, अंडी गार पडली असणार. आता बस गल्ल्यावर.

ओट्यावर रिवू मांडी घालून बसला होता. मांडीत त्याची गवती टोपी, टोपीत चुलीवर शेकलेला कोमट कोंडा, कोंड्यात माझी अंडी. वरून बेबेंची शाल. हातात काबुसी, तिच्या तारा तो लावत होता.

"ऊठ, मला बघू दे," मी धापा टाकत म्हटलं.

"उठता येत नाही."

"का?"

"खुडूक बसलोय."

मी हसता हसता रडायलाच लागले. तो घाबरला. "अगं… अगं, गरम आहेत सगळी! कोंडा गार झाला की बेबे बदलून देतात. कोमट पाणीही शिंपडलंय. हिराना, रडू नकोस ना. मला उठता येत नाही, डोळे कसे पुसू?"

त्याच दिवशी मी त्याच्या प्रेमात पडले. आता सांगते. तेव्हा मान्य करेन तर शपथ.

पुढचे दिवस तो जवळजवळ तसाच बसून होता. जेवण तिथे, काम तिथे. मी सकाळ-दुपार त्याच्या जागी बसायचे, पण आई हाक मारायची आणि मला जावं लागायचं. कवचांच्या आतून चिवचिव ऐकू यायला लागली तेव्हा तो तारेवर एक सूर वाजवायचा, आतून उत्तर यायचं. आम्ही दोघं वेड्यासारखे एकमेकांकडे बघायचो.

आणि पिल्लं निघाली कधी? रविवारी, मी चर्चमध्ये गात असताना! धावत आले तेव्हा टोपीत पिवळी-काळी लव वाळलेली होती आणि सगळ्या चोची एकाच दिशेला होत्या. रिवूकडे.

"ये गं," तो कौतुकाने म्हणाला, "बघ, मी आई झालो."

तेव्हा हसले मी. पण पुढे ते हसू माझ्याच अंगाशी आलं.

पिल्लं चालायला लागली तशी रिवूच्या मागे लागली. तो विहिरीवर, ती विहिरीवर. तो वाणसामानाला, ती रांगेने दुकानात. गावातली पोरं त्याला 'बदकांची आई' म्हणायला लागली. अंगावर पिसं आल्यावर मी वाट्याची निम्मी घरी आणली. खुराडं शेणामातीने सारवलं, गोगलगायी ठेचून ठेवल्या, पाण्याचं टोपलं भरलं. पिल्लं खाऊन-पिऊन ढेकर देतील अशा थाटात बसली. तेवढ्यात पाटापलीकडून आवाज आला, टण्ण! झालं. माझी सगळी बदकं कुंपणाखालून बाहेर, पाटात उड्या, पलीकडे पसार.

मी आणली, ती पळाली. पुन्हा आणली, पुन्हा पळाली. कुंपण लिंपलं तर उडायचा सराव करायला लागली, निर्लज्ज.

आई दारात उभी राहून बघायची. "बदकंसुद्धा तुझ्याकडे टिकत नाहीत," असं एकदा म्हणाली. रागाने नाही, थकून म्हणाली. तेच जास्त लागलं. आणि मावशीचा निरोपही आला की नाताळाच्या आधीच्या शनिवारी येते, हिची बॅग भरून ठेव.

मी तशीच पाट ओलांडून गेले. रिवू तार पिळत होता. माझी बदकं त्याच्या पायांशी पसरली होती.

"तू मुद्दाम वाजवतोस!"

"मुद्दाम? नाताळासाठी लोकांनी काबुस्या सांगितल्यात. तार छेडल्याशिवाय सूर लागला हे कसं कळणार?"

"मला काय त्याचं! मावशी येणार आहे. खुराडं रिकामं दिसलं की मला घेऊन जाणार. तुला ठाऊक आहे सगळं, तरी बसलायस टणटण करत!"

"अगं, ऐक तरी…"

"नाही ऐकणार. तू या गावात आलाच नसतास तर बरं झालं असतं!"

शब्द तोंडातून निघाला आणि मीच गार पडले. रिवूने तार सोडली, काबुसी बाजूला ठेवली. बदकांकडे बघितलं.

"सगळी घेऊन जा," म्हणाला. "माझी निम्मीसुद्धा."

"मला नकोत तुझी…"

"ने म्हटलं ना." त्याने स्वतःच ती टोपल्यात भरली, टोपलं पाटापर्यंत आणलं, आणि वळून निघून गेला. मागे बघितलं नाही. एरवी बघायचा.

दुसऱ्या दिवसापासून पाटापलीकडे सामसूम. शीळ नाही, टणटण नाही. दारही बंद. बदकं कुंपणाशी माना ताणून उभी राहायची, कान देऊन. मीही. मग ती ओरडायला लागायची. मला ती सोय नव्हती.

"झालं ना भांडण?" आई म्हणाली. "अंडं हातातून हातात… मी सांगितलं होतं."

फादीच भोवली, असंच या खेपेला मलाही वाटत होतं.

मग मी बदकांच्याच मागे लागले. सकाळी उठून गांडुळं खणायची, कसाव्याची पानं बारीक चिरायची, भाताच्या कोंड्यात कालवायची. बोलवायला चर्चमधलं गाणं म्हणायचे, कारण दुसरं पाठ नव्हतं. दुपारी ढग गडगडले की एकेकाला पकडून आत घ्यायचं. आधी ती माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघायची. मग एक जवळ आलं. मग दोन-तीन. एके दिवशी मी पाटावर धुणं घेऊन गेले आणि वळून पाहिलं, तर सगळी मागे! रांगेने! मी आनंदाने उडी मारली आणि सवयीने पलीकडे ओरडून सांगायला तोंड उघडलं… दार बंद होतं.

जिंकत होते मी. आणि घास गिळवत नव्हता.

शनिवारी मावशी आली. टपावर सामान लादलेल्या गाडीतून उतरली, हातात लिचीचे झुबके, पायात शहरी चपला. "भरली का बॅग?" आल्या आल्या विचारलं.

आई तिला थेट मागल्या अंगणात घेऊन आली. मी खुराड्याचं दार उघडलं, गाणं म्हणत पाटापर्यंत गेले आणि परत आले. बदकं माझ्यामागून गेली आणि माझ्यामागून आली. एकाने मावशीच्या चपलेवर घाण केली.

"ही राहते," आई मावशीला म्हणाली. आवाज जरा ओला होता. "दुकानाला दुसरी बघ. माझी पोर काहीतरी तडीला नेतेय."

मी आईच्या गळ्यात पडले. पडायलाच हवं होतं. पण डोळे पाटापलीकडे होते, आणि मनात एकच, राहून तरी काय उपयोग?

तेवढ्यात बेबे राझाफी काठी टेकत आल्या. मावशीची विचारपूस झाली, लिची खाऊन झाली. मग त्या माझ्याकडे वळल्या. "पोरी, झालं का तुझं? आता तरी त्या वेड्याला घरी बसू दे."

"कुणाला?"

"माझ्या नातवाला! टेकडीमागच्या आमच्या शेतावरच्या खोपटात जाऊन बसतो रोज. पहाटे फळ्या, तारा डोक्यावर घेऊन जायचं, अंधार पडायच्या वेळेला भिजून यायचं. म्हटलं, का रे हा छळ? तर म्हणे, माझा आवाज ऐकला की ती तिच्याकडे टिकणार नाहीत. विसरू दे त्यांना मला. हिराना इथून जाता कामा नये." बेबेंनी सालं अंगणात फेकली. "शिंका देऊन देऊन जीव चाललाय त्याचा."

मी तिथून कधी निघाले ते मला आठवत नाही. आई म्हणाली, "अगं, शाल तरी…" एवढं ऐकू आलं. बांधावरून, टेकडीला वळसा घालून, चिखल उडवत. मागे बदकांची फौज क्वॅक क्वॅक करत. मी त्यांना बोलावलं नव्हतं, पण आता कोण थांबवणार?

खोपटाच्या दारात रिवू काबुसीला तार जोडत होता. नाक लाल. मला बघितलं आणि ताडकन उठला. मग त्याची नजर खाली गेली, बदकांवर.

तो एक पाऊल पुढे आला. बदकं माझ्या झग्यामागे लपली.

"विसरली," तो हळूच म्हणाला.

"हो."

"बरं झालं." हसला, पण ओठांच्या कोपऱ्यातून. "मावशी?"

"आली. उद्या परत जाईल, एकटीच. आईने सांगितलं, मी राहतेय."

"खरंच?" त्याचा अख्खा चेहरा उजळला. मग काय करावं ते न सुचून त्याने तार बोटाला गुंडाळली. "छान. मग… छान झालं."

"मला सांगायचं नाही? मी इतके दिवस काय काय समजत बसले!"

"सांगितलं असतं तर तू रोज इथे आली असतीस. तुझ्यामागून ही."

"कशावरून मी आले असते?"

"आली नसतीस?"

मी खाली बघितलं. वरून टपटप सुरू झालं होतं. "रिवू, बदकं विसरली," मी म्हटलं. "मला नाही जमलं. मी रोज त्या कुंपणाशी उभी राहायचे. मी जे बोलले ना तुला, ते… तू गावात आलास म्हणूनच मला हे गाव इतकं आवडायला लागलंय. माझं प्रेम आहे तुझ्यावर. झालं, बोलले!"

रिवू शिंकला. जोरात, दोनदा.

"हे उत्तर?" मी डोळे वटारले.

"थांब… थांब गं!" त्याने बाहीने नाक पुसलं. "बांधावर तू पहिल्यांदा ओरडलीस ना माझ्यावर, तेव्हापासून आहे माझं. आजीला विचार हवं तर. तिला सांगून सांगून मी पिडलंय."

पाऊस वाढला तसे आम्ही खोपटाच्या वळचणीला सरकलो. जागा एका माणसाची, दोघांना पुरली. बदकं मात्र समोरच्या डबक्यात उतरून बेभान झाली.

"माझी निम्मी कधी देतेस?" त्याने खांद्याने मला ढोसलं.

"दोन घरं केली तर पुन्हा गोंधळतील."

"मग एकच घर करावं लागेल."

"करावं लागेल खरं. बेबेंना माझ्या आईकडे पाठव. रीतीने, चांगले कपडे घालून. भाषण मोठं तयार करायला सांग, आई पहिल्याच मागणीला हो म्हणायची नाही."

"आणि तू?" तो माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला. आता चेष्टा नव्हती आवाजात. "तू हो म्हणशील ना, हिराना?"

मी त्याचा हात हातात घेतला. तारांनी बोटं कापलेली होती.

"वेडा आहेस का रे," मी म्हटलं. "मावशीला रिकाम्या हाताने परत पाठवतेय, ती काय नुसत्या बदकांसाठी?"